आरवाडेबाईंच्या कानासाठी

नवं यंत्र कानात बसलं की
पहिले पंधरा दिवस जग पत्र्याचं वाटतं.
चमचा पडला तर घंटा,
प्लास्टिकची पिशवी म्हणजे फटाक्यांची माळ.
म्हणून मी पेशंटला गाणी ऐकायला सांगते,
ओळखीची, आवडीची, रोज अर्धा तास.

रत्नमाला आरवाडे, वय अठ्ठ्याहत्तर,
सांगली टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त,
चौथ्याच दिवशी माझ्या बत्तीस पायऱ्या चढून आल्या
आणि यंत्र टेबलावर ठेवलं.
"फसवणूक आहे ही.
जुनी गाणी मला हे काढूनही तेवढीच ऐकू येतात.
कडव्याआधीचं व्हायोलिन, मधला श्वास, सगळं.
मग कानाला काय काम उरलं?"

आठ वर्षं विश्रामबागेत दवाखाना चालवतेय.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या रात्री शोधायला बसले
त्यांनी कधीच न ऐकलेली
पण दारातून परत न पाठवण्यासारखी गाणी,
गेल्या पाचेक वर्षांत जन्मलेली
आणि साठ सालचे कपडे घालून फिरणारी.

पुण्यातल्या चौघांचं एक घेतलं.
गिटारची तार अशी थरथरते
जशी शंभर फुटी रोडवर मे महिन्यातली हवा,
आणि मागे तिघी जणी ऊ ऊ करतात
नाक मुरडल्यासारख्या.
एक मिरजेच्या मुलीचं, घरीच केलेलं.
ॲकॉर्डियन मामाचा, त्याची एक पट्टी मुकी.
ती पट्टी येते तिथं ती स्वतः सूर लावते.
एक टाकलं, काढलं, परत टाकलं :
बोंगो झकास, गाणारा फारच लाडात.
एकात सगळं सामान होतं,
ऑर्गन, सतार, लांबच लांब प्रतिध्वनी,
घरात कुणी राहत मात्र नव्हतं.
काढलं ते.

शिवाय बाईंचा आलेख शेजारी उघडा.
दोन हजार हर्ट्झनंतर
कृष्णेच्या घाटासारखा पायरी पायरीनं खाली उतरतो,
स, श, फ कधीचे पाण्यात.
मला 'स'ची गाणी हवी होती,
साखर, शीळ, सोसवेना असल्या शब्दांवर रेंगाळणारी.
दीड वाजता नवरा म्हणाला, झोप आता.
म्हटलं, एक 'श' कमी पडतोय.

शनिवारी त्या भडंगाचा पुडा घेऊन आल्या.
पर्समधून वही काढली.
एक्स्चेंजच्या सवयीनं समासात वेळ घातलेली :
नऊ दहा. गाणं एक. तीन शब्द सुटले.
नऊ वीस. गाणं चार. मुलगी पंख्याखाली बसून गाते. बंद करायला सांगा.
(मी परत लावून पाहिलं. पंखा होता.)
गाणं सात. पुढं काही नाही,
नुसत्या दोन रेघा.

सातवं माझं सगळ्यात लाडकं.
तबकडीवर सुई टेकल्यासारखी खरखर,
मग हळूच ढोलक.

"खोटी आहे ही खरखर," बाई म्हणाल्या.
"दर चार ठोक्यांनी तीच परत येते. मोजा.
बावीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसले मी.
दुपारी तीनला पेठेतल्या अडत्यांना हळदीच्या भावासाठी
इरोड जोडून द्यायचं.
मधे आठशे किलोमीटर वारा,
बेळगावच्या अलीकडे कुठं तरी एक सैल जोड.
ती खरखर एकदा गेली की गेली.
तशीच्या तशी मला पुन्हा कधी भेटली नाही."

मी विचारलं, काढून टाकू सातवं?

"असू दे. पोरांनी जीव लावून केलंय."
मग भडंगाची गाठ सोडता सोडता,
"पण मला कळलं ना ते."

तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं :
टेबलावर यंत्र नव्हतं,
पांढऱ्या केसांखाली होतं.

जाताना त्या पायऱ्या मोजत होत्या
की ढोलकाच्या ठेक्यावर काही म्हणत होत्या,
मला नीट ऐकू आलं नाही.
खाली रिक्षा वळत होती.