मुदत अर्ज

पांढरा बँड सापडत नाहीये.
काल रात्री इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला,
आता रुंजीच्या गळ्यात,
वरणाने पिवळा.
एक वर्ष दहा महिन्यांची ही माझी अशील
माझ्या सल्ल्याकडे काडीचंही लक्ष न देता
ताटलीतलं एकेक शीत
चिमटीत धरून तपासते आहे.

सव्वानऊ.
अनिरुद्ध रिफायनरीतून पहाटे आला, आतल्या खोलीत झोपलाय.
दहापासून शेजारच्या कोकिळाबेन.
त्यांच्याकडे ती गुजराती होते.
पाणी दोन्हीकडे पाणीच,
पण मांजर आता बिलाडी झाली आहे
आणि मी, रागात असली की, मम्मी.

अहमदाबादला सनद घेतली तेव्हा ही पोटात होती.
शपथ दोघींनी घेतली, असं अनिरुद्ध पाहुण्यांना सांगतो.
मला आठवतं ते एवढंच
की संविधान म्हणता म्हणता
तोंडात आंबट पाणी येत होतं.

डिकीत काळा कोट, दोन वकीलपत्रं,
तिकिटांचं पाकीट, एक डायपर.
मागच्या आठवड्यात दलालसाहेबांच्या टेबलावर
फाईल उघडली आणि आतून
मेणखडूने गिरगटलेला हत्ती बाहेर पडला.
साहेब हसले नाहीत.
चष्म्यावरून बघत म्हणाले,
याला आंक कितवा दिलाय?

काळ्या घोड्यावरून पुढे पूल लागतो,
तिथे सगळ्यांसारखी मीही स्कूटर हळू करते.
विश्वामित्रीत मगर दिसली
तर संध्याकाळी घरी न्यायला काहीतरी असतं.
आज होती.
मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवेपर्यंत बघत राहिले.

दिवाळीपुऱ्याचं कोर्ट, तिसरा मजला.
बाकावर शकरीबेन, खांद्यावर झोपलेलं पोर.
खावटीचं काम, माझं पहिलं एकटीचं.
समोरच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज, सहावा.
कारण: पक्षकार बाहेरगावी.

मी स्कूटरवर एक वाक्य रचून आणलं होतं,
भूक तारखा घेत नाही, असलं काहीतरी.
उभी राहिले.
कोटाच्या बाहीवर वाळलेलं केळं दिसलं
आणि वाक्य गेलं.
वांधो छे, साहेब, एवढंच म्हणाले.
आवाज पाचवीतल्या मुलीसारखा निघाला.

साहेबांनी मान वर केली. पोराकडे पाहिलं.
मग कॅलेंडरकडे.
अर्ज मंजूर. खर्च रुपये तीनशे.
चौदा तारीख.

जिन्यात शकरीबेननी विचारलं,
बेन, आपण जिंकलो का?
तीनशे रुपयांपुरत्या, मी म्हटलं.
त्या हसल्या, मग त्यांना वाटलं हसायला नको होतं.
पोर जागं होऊन माझा बँड ओढायला लागलं.
ओढू दिला.

रात्री लेखी कैफियत.
उद्या साहेबांना हवी आहे, परिच्छेद नऊपर्यंत आलेय.
दारात रुंजी, हातात पुस्तक, उलटं.
गोष्ट.
पाच मिनिटं हं, सोन्या.
परिच्छेद दहा.
गोष्ट.
एवढं झालं की लगेच.
बारा. तेरा नाकबूल. चौदा अंशतः कबूल.

बराच वेळ कुणी काही म्हणत नाही
म्हणून मागे वळून बघते.
माझ्या खुर्चीच्या पायाशी
पुस्तक उशाला घेऊन ती झोपली आहे,
मुठीत सकाळचा तोच पिवळा बँड.
सकाळपासूनचे माझे अर्ज मोजते.
आठ असावेत, नऊही असतील.
एकावरही तिने वांधा घेतला नाही.
सगळे मंजूर, खर्चासह.
खर्चाचा आकडा
अजून कुणी मला सांगितलेला नाही.

उचलते तेव्हा डोकं मानेत खुपसून
झोपेतच विचारते, मगल?

होती, मी सांगते.
पुलाच्या खाली, चिखलात.
एवढं मोठ्ठं तोंड उघडून पडली होती,
आणि तिला
कुठेही जायचं नव्हतं.