कोरा रकाना

नियम बदलले ते एका मंगळवारी,
स्नेहलतागंजातल्या हॉलमध्ये, पंखा बंद करून,
कारण कागद उडत होते.

बॅटरीवाल्या प्रायोजकाचा मुलगा म्हणाला,
तिसऱ्या फेरीला लोक उठून कचोरी खायला जातात.
पुढे कोण, हे त्यांना ठाऊक असतं.
खरंच होतं ते. पुढे इमरोज असायचा,
खजरान्याचा, स्वतःच्या हातानं इंजिन उघडणारा,
आणि त्याच्यामागे बराच वेळ
नुसती धूळ.

म्हणून ठरलं,
मागच्या वेळी जिंकला तो शेवटून सुटणार,
हरला तो पहिल्या रांगेत.
आणि कुणी दहा सेकंदांहून पुढे निघालाच
तर पिवळा झेंडा. सगळ्यांनी हळू व्हायचं, गोळा व्हायचं,
पुन्हा पहिल्यासारखं.
झेंडा कोण दाखवणार? घड्याळ ज्याच्याकडे तो.
म्हणजे मी.

पिथमपूरला गिअरच्या तपासणीत एकतीस वर्षं काढली मी.
केसाच्या विसाव्या भागासाठी
अख्खी पेटी परत पाठवलेली आहे.
सेकंद मोजणाऱ्यानं सेकंद पुसायचे कसे,
हे विचारायला हात वर केला,
तर त्यांना वाटलं, मत दिलं.
इतिवृत्तात लिहिलं गेलं : एकमतानं.

रविवारी, सांवेर रस्त्यावर, बंद साबण कारखान्यामागे,
टँकरनं काळी माती भिजवून ठेवलेली.
पहिल्या रांगेत ओजस मुंगी,
दोन हंगाम शेवटून पहिला आलेला,
सुदामानगरच्या शिकवणीवाल्या मुंगीबाईंचा धाकटा.
समोर एकही पाठ नाही, नंबर नाही, धूळ नाही.
त्यानं हेल्मेटची काच पुसली, सवयीनं,
तर ती स्वच्छच होती.

सुटला. पहिलं वळण, दुसरं, चढावरची उडी,
मुंगी पुढेच.
कठड्यावरून कुणी ओरडलं, "भिया, मुंगीला पंख फुटले!"
आणि ज्यांना मराठी येत नाही तेही हसले.
पंख फुटलेल्या मुंगीचं पुढे काय होतं
ते मला ठाऊक होतं. तरी
मी बघत राहिलो.

पाचव्या फेरीत इमरोजनं त्याला गाठलं,
आतून, इतक्या अलगद,
जसा कुणी झोपलेल्याच्या नाकावरचा चष्मा काढून ठेवतो.
मग सात सेकंद. मग नऊ. मग अकरा.
चौदा जणांतून वाट काढल्यावर
एकेक करून जमवलेले अकरा.
मी झेंडा उचलला.
हलका असतो हो झेंडा. हातभर कापड, बांबूची काठी.

इमरोजनं मान वळवून एकदाच पाहिलं. वेग उतरवला.
बाकीचे आले, धूर सोडत, गुरगुरत,
त्याच्या मागच्या चाकाला चिकटले.
आणि शेवटच्या तीन फेऱ्या,

काय सांगू. चौघं एका वळणात,
कोपराला कोपर, चिखल लोकांच्या शेव-पोह्यांत,
मुंगी तिसरा, मुंगी दुसरा, मुंगी आडवा,
मुंगी उठला!
कचोरीवाला कढई सोडून कठड्यावर.

जिंकला शेवटी इमरोजच. अर्ध्या चाकानं.
लोक म्हणाले, अशी शर्यत पाहिली नाही.
घड्याळ म्हणालं, सहा वर्षांतली सगळ्यात संथ.
दोन्ही खरं.

संध्याकाळी तो आला, बोटांना ग्रीस.
तक्रार नाही. हिंदीत, हळूच विचारलं,
अंकल, ते अकरा सेकंद कुठं लिहून ठेवलेत का तुम्ही?
ठेवले होते. वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलनं.
दाखवले. तो वाकून बघत राहिला.

पुढची पानं उलटू दिली नाहीत मी त्याला.
तिथं शेवटून दुसऱ्या फेरीचा रकाना कोरा आहे,
कारखान्याची एकतीस आणि मैदानाची सहा,
इतक्या वर्षांत पहिला.
मुंगी आडवा होऊन उठला तेव्हा
घड्याळ हातातच होतं, अंगठा बटणावर,
आणि मी खुर्चीवर उभा होतो.