काळा दगड, पांढरे केस

वार्तगेस दगडावर टिचकी मारतो,
मडकं घेताना मारतात तशी.
"ऐक. खणखणीत आहे.
आत चीर असती तर बद्द वाजला असता."
मी ऐकते. मला दोन्ही सारखंच वाटलं असतं.
ग्युमरीत डिसेंबर. त्याच्या अंगणात
गोणपाट पांघरून चेहरे उभे आहेत ओळीनं,
ज्यांचे हप्ते अजून फिटायचेत.

तुझ्या वडिलांचा दगड इथलाच, तूफाचा, गुलाबी.
आपल्या घराच्या भिंतीही त्याच्याच.
वीस वर्षांत त्यांचं नाक झिजून गेलं,
आता तिथे ते कुणाचेही वडील वाटतात.
"तूफ राहायला चांगला," वार्तगेस म्हणतो,
"चेहऱ्याला काळा ग्रॅनाइटच हवा."

तुझी आई पर्समधून फोटो काढते.
लष्करातला. एकवीस वर्षांचा हराचिक,
मान ताठ, केस कोळशासारखे.
वार्तगेस खूश होतो.
"काळ्यावर काळं कोरता येत नाही, बहिणी.
मी टोचतो तिथे दगड पांढरा पडतो.
केस, भुवया, डोळ्यांच्या बाहुल्या,
त्यांना मी हातसुद्धा लावत नाही,
त्या दगडाच्याच असतात.
हा पोरगा निम्मा तर आधीच तयार आहे बघ."
स्वस्तही पडेल, म्हणतो.

मी फोन काढते. काच तडकलेली.
त्यात तू, क्रास्नोदारच्या पत्र्याच्या खोलीत,
मागे किटली, दोरीवर कुणाचे तरी मोजे.
डोकं पांढरं.
मी विचारलं होतं तेव्हा, हे काय रे?
"सिमेंट," म्हणालास. "धुतलं की जाईल."
आणि मी विश्वास ठेवल्यासारखं केलं,
कारण पलीकडे रांग होती चार्जरसाठी
आणि तुला जायचं होतं.

पेटीतून आलास तेव्हा
डोक्याला रुमाल बांधला होता त्यांनी.
कुणी सोडू दिला नाही.

"हा?" वार्तगेस फोन लांब धरतो.
"हे सगळे केस टोचावे लागतील.
एकेक. चार दिवस जास्त."
आकडा सांगतो.
तू शेवटचे पाठवलेस त्याहून थोडा अधिक.

"म्हातारा दिसतोय माझा मुलगा," सातेनिक म्हणते
आणि फोटो दोन्ही हातांनी धरून ठेवते.
तिला कसं सांगू?
तुझा तो पोरगा तू न्हाऊ घातलास, विंचरलास,
त्याच्या टाळूचा वास तुझ्यापाशी आहे.
या पांढऱ्या केसांना
कुणीच हात लावला नाही, आई.
आता एक परका माणूस लावेल,
चार दिवस, एकेक करून.
लावू दे.

मोठ्यानं एवढंच म्हणते: हा.

मग तो शेजारची मोकळी जागा दाखवतो.
"तुझंही नाव आत्ताच घालू या का? शोघेर,
आणि जन्माचं साल. पुढची जागा ठेवू.
सगळेच करतात. एका वाहतुकीत होतं."
मी वाकून बघते.
गुळगुळीत काळ्यात माझा स्कार्फ, माझी हनुवटी,
मागे बर्फाचं आभाळ.
राहू दे, म्हणते. अजून मी तिथे ठरत नाही.
तो समजल्यासारखी मान हलवतो आणि
वहीत "नंतर" असं लिहितो.

पैसे मोजले. निम्मे.
सातेनिक चुलीपाशी बसून चहात साखर ढवळतेय,
साखर केव्हाच विरघळली.
"बसवणार कधी?"
"जमीन दगडासारखी झालीय आता. वितळू दे.
मार्चमध्ये."

मार्च.
दर फोनला हेच ना रे?
मार्चमध्ये येतो. नक्की. या मार्चला नक्की.
नऊ मार्च गेले,
तुझा एकही शब्द
काळ्या दगडावरची रेघ कधी झाला नाही.

मला हसू फुटलं. थांबेना.
बिचारा वार्तगेस घाबरला,
हातातली छिन्नी खाली ठेवून म्हणाला,
"फार तर एप्रिल, बहिणी. एप्रिलच्या पुढे नाही."