म्हसरूळची कोरडी बाजू

लॉन मेलं दुसऱ्याच उन्हाळ्यात.
हळहळला तो फक्त टँकरवाला.

मग चामरलेण्याच्या पायथ्यावरून आणल्या
ओच्यात भरून तरवडाच्या शेंगा,
निर्गुडीची काडी, मूठभर एकदांडी.
कॉलनीच्या भाषेत : रान.

पाणी भांडी विसळल्याचं, तेवढंच.
सब्जा तर न विचारताच उगवला.

पौषात फुलोरी माशी आली. एक.
अडुळशाच्या फुलात डोकं खुपसलं तिनं.
माझ्या खोकल्यासाठी लावला होता तो.

आता पलीकडच्या द्राक्षबागेतले रंगनाथ पिंगळे
फवारणीच्या आदल्या रात्री फोन करतात :
"वहिनी, उद्या दहापर्यंत
तुमच्या पोरी घरात ठेवा."

कशा ठेवायच्या?
उजाडायच्या आत निर्गुडीत शिरते,
तळहाताएवढ्या पोळ्याभोवती
ओलं गोणपाट धरून उभी राहते.

ब्लोअर गरगरतो.
गोणपाटातून मनगटांना कळतं
आत कोणी झोपलेलं नाही.