चौथी दोरी

तात्या फरशी बसवायला गेले की आधी कोपरा तपासतात.
इकडे तीन फूट, तिकडे चार,
तिरपी दोरी पाच भरली तर काटकोन,
नाहीतर भिंत खोटी.
सातपूरच्या निम्म्या कॉलनीतल्या खोट्या भिंती
त्यांना ठाऊक आहेत.
कुणाला न सांगता त्यांनी त्या
फरशी कापून झाकल्यात.

मी मोहाडीच्या पॅकहाउसात, दुसरी पाळी.
एकेका घडाचे आकडे भरते:
मण्याचा व्यास, गोडी, वजन, रंग,
देठ अजून किती हिरवा.
दोन घडांत अंतर किती?
तात्यांचंच गणित. फरकांचे वर्ग, बेरीज, मूळ.
फक्त दोऱ्या पाच.

"पाच?"
तात्यांनी कोपऱ्यात बोट टेकवलं.
"ही एक, ही दुसरी, ही वर पत्र्याला गेली ती तिसरी.
चौथी कुठं ठोकू?"
"तिन्हींशी काटकोनात."
"मग बाई, घराबाहेर जावं लागंल."

यंदा रकाने चाळीस झाले.
नवा रकाना आला की अंतर वाढतं, फार तर तेवढंच राहतं,
कमी होत नाही कधी.
आणि चाळिसांत नवल असं
की कुठल्याही घडाला सगळ्यात जवळचा
आणि सगळ्यात लांबचा
जवळपास सारखेच लांब.
शबाना म्हणते, मशीन बिघडलं.
मशीन ठीक आहे.

चाळीस मितींचा मणी असता,
साल त्रिज्येच्या विसाव्या भागाइतकीच धरली,
तरी शंभरातले सत्त्याऐंशी भाग नुसती साल.
गर कुठंतरी आत, नावापुरता.

हे तात्यांना सांगितलं नाही.
तीन रकान्यांत आम्ही अगदी लगत:
घर, आडनाव, बिनसाखरेचा चहा.
गुडघा गेल्यापासून डबा घेऊन ते निघतात
आणि होळकर पुलाखाली बसून परत येतात,
हा चौथा.
मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही, पाचवा.
माझ्या बॅगेतलं पुण्याचं नेमणूकपत्र.
पुढचे मोजले नाहीत.

परवा पाळी संपवून आले, रात्रीचा एक.
स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नवा खिळा,
खिळ्याला दोरी,
दोरी उंबरा ओलांडून बाहेर.
पायरीवर तात्या, दुसरं टोक बोटाला गुंडाळून.
मी शेजारी बसले. बाद घडातली द्राक्षं मध्ये ठेवली.
बराच वेळाने म्हणाले,
"कमी पडली गं."