अक्षराचा दर

खानापुरात ओमाण्णा पेंटरचा दर
अक्षराला दोन रुपये.
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
जोडाक्षराचे मात्र तो दोन अक्षरांचे घ्यायचा;
'श्री'वरून भांडणं व्हायची.

मी तेव्हा त्याचे ब्रश रॉकेलात धुवायचो.

हायस्कुलातले ड्रॉइंगचे मिनेझिस सर आले,
सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेलं पुस्तक,
त्यात खुणेला बसचं तिकीट घातलेलं एक पान.
शंभरावर वर्षांपूर्वीची रात्र, परदेशातला कुठलासा नदीकाठ,
दारूकाम संपत आलेलं.
काळ्यातून झरणारे सोन्याचे कण.
खाली माणसं असावीत,
नाहीतर नुसता धूर.
"एवढं काढून द्या. तीन बाय चार."

ओमाण्णानं पान सुलटं धरलं, उलटं धरलं.
"नाव कुठं हाय ह्येच्यात?"

सर म्हणाले, हा माणूस चित्रांना गाण्यातली नावं द्यायचा.
हे रात्रीच्या सुरावटीचं.
एकानं छापून नावं ठेवली, हा कोर्टात गेला,
जिंकला,
भरपाई मिळाली एक दमडी.
"आणि वकील?"
"वकिलात घर गेलं."
ओमाण्णा हसला, खोकला येईपर्यंत.
"खरं, निकाल तरी लागला की.
आमच्याकडं नुसती तारीख पडतीया."

पत्रा जुनाच घेतला.
एका बंद दुकानाचा,
तालुक्यातून कागद आला तेव्हा
त्यानंच लिहिलेल्या अक्षरांवर
त्यानंच काळा फासलेला.
खडूनं चौकोन आखले, पुस्तकावर तेवढेच पेन्सिलीनं,
आणि थांबला.
"ह्या चौकोनात काय न्हाई.
ह्यातबी न्हाई.
काय उतरवू, गा?"

दोन दिवस पत्रा भिंतीला तोंड करून उभा.

तिसऱ्या रात्री मला घेऊन मलप्रभेकडे गेला.
रवळूनं कौलांची भट्टी लावलेली.
त्यानं ढोसलं की ठिणग्या उठायच्या,
वर जाऊन जराशा थबकायच्या,
विसरल्यासारख्या,
मग एकेक करून पाण्यावर विझायच्या.
पलीकडे दस्तगीर पेटीवाला
दुरुस्तीला आलेल्या पेटीची एकच काळी पट्टी
दाबत होता, सोडत होता, दाबत होता.
सुरात हवा गळत होती.
मी विचारलं, कुठलं भजन म्हणतोय?
ओमाण्णा म्हणाला, "गप."
आणि बराच वेळ गेल्यावर,
"भजन न्हवं. सूर हाय नुसता.
असू दे."

घरी येऊन कंदील बाजूला सारला.
चौकोन ओल्या फडक्यानं पुसले.
पिवळ्यात जरा तांबडा घालून
ब्रशवर बोट मारत सुटला.
उभा जन्म थेंब पडू नये म्हणून
हाताखाली काठी धरलेला माणूस
थेंब पाडत होता.
पाडायचा, मागे सरायचा, कान दिल्यासारखा बघायचा.
धूर त्यानं जुन्या बनियनच्या बोळ्यानं पुसून आणला.
माणसं काढलीच नाहीत.
मी म्हटलं, पुस्तकात आहेत.
"असतील की धुरात."

सर आले. बघत राहिले. टोपी काढली.
मग हिशेब.
अक्षरं शून्य, तर दर कसा लावायचा?
सर म्हणाले, तुम्ही सांगाल ते.
हे ओमाण्णाला चालणार नव्हतं.
सांगाल ते म्हणजे भीक.
मला म्हणाला, ठिणग्या मोज.
ठिणगीला चार आणे.

मी मोजल्या. दोनशे सतरा.
पुन्हा मोजल्या. दोनशे सतरा.
त्यानं चष्मा पुसून कोपऱ्यातल्या एकीवर बोट ठेवलं,
खाली, उजवीकडे,
जिथं काळा पातळ बसला होता
आणि कुठल्याशा जुन्या अक्षराचं टोक
वर आलं होतं.

"हिचं धरू नको.
हिचं पैसं दुकानवाल्यानं
तवाच दिलंत."