मुशीचं तेल

माझं काम होड्यांचं.
जैतापूरच्या खाडीत आज जेवढे ट्रॉलर हलतायत
त्यातल्या निम्म्यांची पठाणं मी ठोकलीत.
गाडीचं मला विचारू नका,
मी सायकलसुद्धा उतारावर हातात धरून नेतो.

पण हमीदचाचा सोलकर स्वतः बोलवायला आला.
आंब्याच्या पेट्यांची शेड, पेट्या सगळ्या अंगणात,
आत ताडपत्रीखाली तीन गाड्या.
म्हणजे चाचा म्हणतो तीन.
मला दिसला तो एक हिरव्या पत्र्यांचा ढीग,
एक लाल, इटलीतली, बिनइंजिनाची,
आणि खिळ्याला टांगलेला नुसता एक दरवाजा,
त्यावर पुसट अकरा.

तीस वर्षं टँकरच्या इंजिनरूममध्ये काढली माणसानं.
बाकीच्यांनी बंदराबंदरातून सोनं आणलं, घड्याळं, ब्लँकेटं.
यानं जेनोआहून कार्बोरेटर आणला, पायमोज्यात गुंडाळून,
लिव्हरपूलच्या भंगारातून तारांची चाकं,
आणि मोंबासात कुणा शर्यतवाल्याच्या विधवेकडून
हा दरवाजा.
"आणि बाकीची गाडी?"
"येईल," चाचा म्हणाला,
चुकलेली म्हैस संध्याकाळी येते तसं.

त्यानं कागद अंथरला.
हिरव्या इंग्रज गाडीचा सांगाडा लाकडाचा असतो
हे मला त्या दिवशी कळलं.
वरून पत्रा, आतून बरगड्या.
म्हटलं, चाचा, ही तर उपडी घातलेली होडी.
तिकडे ॲश नावाचं झाड वापरतात म्हणे.
मी पाचलकडचा फणस घेतला,
दोन पावसाळे सावलीत निवलेला.
इंच त्यांचे, दोरी माझी.
वाकस चालवताना हात आपोआप नाळेकडे वळायचा;
हिला पाणी कापायचं नाही
हे हाताला रोज सकाळी नव्यानं सांगावं लागे.

रुकय्याचाची चहा ठेवायची आणि म्हणायची,
लग्नाला वीस वर्षं झाली तेव्हा मला फ्रिज मिळाला,
हिच्या खिडकीची रबरं बघ, विमानानं येतात.

मार्चमध्ये पुण्याचा एक गृहस्थ आला.
पांढरे बूट, गळ्यात लोंबता चष्मा,
जगात अशा किती उरल्यात ते तोंडपाठ.
वाकून टॉर्च मारला. हे कसलं लाकूड?
फणस, मी म्हणालो.
तो बराच वेळ तसाच वाकलेला राहिला.
मग आकडा सांगितला. मी पेटीवर टेकलो.
लाकूड मूळचं असतं तर दुप्पट दिले असते, म्हणाला.
चाचानं लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतली,
टाक्यांची खूण दाखवली.
"हा गुडघाही मूळचा नाही. मला पण निम्म्यात नेणार?"

एप्रिलातल्या एका पहाटे ती सुरू झाली.
आवाज असा की अजानच्या आधी कोंबडे उठले.
माडबनच्या सड्यावर गेलो,
काळा कातळ, मोकळा रस्ता, खाली समुद्र अजून झोपेत.
चाचा गिअर टाकी तशी माझ्या पाठीमागची
फणसाची बरगडी वाकायची, परत यायची,
लाटेवर येते तशीच.
चाचा काहीतरी ओरडत होता. वाऱ्यात कळलं नाही.
परत आल्यावर विचारलं.
"मी? मी कुठे बोललो?"

खारा वारा लोखंडाला महिन्यात फुगवतो.
चाचाकडे परदेशी मेणाचे डबे आहेत, कुलपात.
पण आतल्या सांध्यांना मी होड्यांचंच औषध दिलं,
मुशीचं तेल, तीन हात, त्याला न विचारता.
आता दर मे महिन्यात देतो, तो न बघितल्यासारखं करतो.

पुण्याचा गृहस्थ फोनवर अजून आकडा वाढवतोय.
त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही
की सकाळी शेडचं दार लोटलं
की बाजारपेठेतली सगळी मांजरं
गाडीभोवती कोंडाळं करून बसलेली असतात,
आणि एक बोका, कान तुटका,
थेट स्टेअरिंगमागे,
मासळी कुठाय ते विचारत.